खुर्चीवर राहिलेली शाल

१

सह्यांची वेळ झाली, सभागृह भरलं, आणि पाहुणे आत यायलाच तयार होईनात.

दाशो किन्ले वांगदी पाहुण्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. भूतानच्या सरकारी विद्यापीठाचे मोठे अधिकारी; दाशो हा तिकडे राजाने दिलेला किताब. गुडघ्यापर्यंतचा त्यांचा तो देशी झगा अंगात होता, पायात लांब मोजे, चकचकीत बूट, सगळं जागच्या जागी. फक्त सकाळी खांद्यावर असलेलं लाल उपरणं नव्हतं. ते मला हळू आवाजात हिंदीत म्हणाले, "मॅडम, कुठेच सापडत नाही. त्याच्याशिवाय मला सही करता येणार नाही."

"एका उपरण्यासाठी?" आमचे प्राचार्य अमोल निकम माझ्या कानाशी मराठीत पुटपुटले. "त्यांना म्हणावं, मेन रोडवरून दुसरं आणून देतो. लाल रंग सगळीकडे मिळतो."

मी कपाळाला हात लावला. गेले दोन महिने मी या माणसाला माहितीची पानं पाठवत होते आणि त्यातलं एकही त्यांनी वाचलेलं नव्हतं. भूतानमध्ये खांद्यावर उपरणं घेतल्याशिवाय माणूस सरकारी कचेरीची पायरी चढत नाही. त्याचा रंग दर्जाप्रमाणे ठरतो. साध्या माणसाचं पांढरं. लाल रंग बाजारात घेऊन वापरता येत नाही, तो राजाने स्वतःच्या हाताने द्यावा लागतो. आपल्याकडे न्यायाधीशाला बनियनवर निकाल वाचायला सांगितलं तर कसं होईल, तसंच हे.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलला. सही झाली की पाहुणे लगेच मोटारीने मुंबईला निघणार होते, म्हणजे काय शोधायचं ते त्याआधीच. संस्थेच्या मंडळाचे लोक चिडून गेले, तीनशे पोरं नाश्त्याची पाकिटं घेऊन पांगली. प्राचार्य बराच वेळ व्हरांड्यात फोनमध्ये डोकं घालून उभे राहिले, मग केबिनमध्ये गेले. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं.

"साळवे मॅडम, हे तुमचे पाहुणे. चौकशी तुम्हीच करा."

तुमचे पाहुणे म्हणजे काय, तेही सांगून टाकते. मी पायल साळवे, भूगोल शिकवते. करार होता फळबागेचा: त्यांची सफरचंदं, आमची द्राक्षं, तोडणीनंतर माल टिकवायचा कसा याचा दोन्हीकडच्या मुलांनी मिळून करायचा अभ्यास. समन्वयक खरं तर फळबाग विभागाचा माणूस हवा. पण प्राचार्य म्हणाले होते, "मॅडम बौद्ध आहेत, त्यांना बरं पडेल." आमचं घराणं चांदवडजवळच्या खेड्यातलं. माझ्या घरच्यांनी बर्फसुद्धा फक्त गोळ्यातला पाहिलेला. तसं मी सरांना सांगितलंही होतं. ते म्हणाले होते, "तरीपण."

"चौकशी म्हणजे नावापुरतीच," प्राचार्य आता म्हणाले. "खोलीची किल्ली कुणाकडे होती?"

"उग्येनकडे."

"मग झालं तर. उग्येन वांगदी, किन्ले वांगदी. दोघं एकाच घरातले. भाऊबंदकी असणार, दुसरं काय. मी त्या पोराच्या शिष्यवृत्तीच्या ऑफिसला आत्ताच मेल टाकला. चोरीचा संशय, परत बोलावून घ्या म्हणून."

२

"सर, त्यांच्याकडे आडनावं नसतात," मी म्हटलं. "दोन्ही नावं लामा ठेवतो. बापाचं वेगळं, लेकाचं वेगळं. वांगदी तिकडे हजारो असतील."

"आडनाव नाही असं कसं होईल मॅडम? मग हजेरी कशी घेतात?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी होस्टेलवर गेले.

उग्येन आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला होता. त्याच्या सरकारने शिष्यवृत्ती देऊन पाठवलेला, शांत, कामसू मुलगा. तीन वर्षं नाशिकच्या पोरांत राहून मराठी बोलायला शिकला होता. खोलीत खाटेच्या कडेला बसून होता, बॅग भरायला घेतलेली.

"मॅडम, मी नाही घेतलं. घेऊन करू काय? लाल कबने घालून मी आमच्याकडे बाजारात गेलो तर लोक पोलीस बोलावतील. विकायला गेलो तरी तेच."

त्या उपरण्याला ते लोक कबने म्हणतात.

"मेलचं कळलं तुला?"

"घरून फोन आला. ऑफिसने बाबांना विचारलं. आमच्याकडे शिकून आलं की सरकारी परीक्षा. त्याच्या आधी पोलिसांचा दाखला लागतो, की याच्यावर काही नाही. चोरीचं नाव लागलं तर दाखला नाही. नोकरी नाही. मेल मागे घेता येतो का मॅडम?"

मी त्याला सकाळपासूनचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये दाशोंचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, गुच्छ. तिथे मीही होते. मग सगळे द्राक्षाच्या प्लॉटवर जाणार होते. मातीत जायचं म्हणून दाशोंनी खोलीत येऊन लाल उपरणं उतरवलं, स्वतःच्या हाताने घडी घातली आणि वरच्या फळीवर ठेवलं, कारण ते खाली कुठे ठेवत नाहीत. आपली सत्काराची शाल नीट घडी करून खुर्चीवर ठेवली. उग्येनने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. दोघं प्लॉटवर गेले, तिथेच जेवले. दुपारी येऊन कुलूप उघडलं तर फळी रिकामी.

"कुलूप तुटलेलं नव्हतं?"

"नाही मॅडम. म्हणून तर सगळे माझ्याकडे बघतात."

मी त्याला घेऊन ती खोली पाहायला गेले. टेबलावर दाशोंचा कॅमेरा तसाच होता, बाजूला पैशांचं पाकीट, चार्जिंगला लावलेला टॅब. खिडकीला जाळी. समोर खुर्चीवर आमची पिस्ता रंगाची शाल, घडीही न मोडलेली.

चोर आला, कॅमेरा सोडला, पाकीट सोडलं आणि ज्याला बाजारात कुणी हात लावणार नाही ते उपरणं नेलं. हे मला पटेना. पण त्याहून जास्त मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. त्या खोलीत काहीतरी असायला नको होतं आणि ते होतं. काय, ते मात्र लक्षात येईना, आणि त्याचाच मला स्वतःवर राग यायला लागला.

३

आधी गाठलं रविराज शेवाळेला. फळबाग विभागाचा प्रमुख. समन्वयकपद मला मिळाल्यापासून तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता. मधल्या सुट्टीत पाहुण्यांच्या खोलीबाहेर त्याला घुटमळताना दोघातिघांनी पाहिलं होतं.

"हो, गेलो होतो," तो म्हणाला. "कुलूप होतं, परत आलो."

"कशाला गेला होतास?"

"मॅडम, वीस वर्षं मी द्राक्षं करतोय. त्यांच्याकडे शीतगृहाचं काम निघतंय. मला जायचंय तिकडे. तुम्ही समन्वयक, प्राचार्य भूतानला जाणाऱ्या पथकाचे प्रमुख, मंडळाचे दोघं सहलीला. पथकात फळबागेचा माणूसच नाही. म्हटलं आपण स्वतःच दाशोंना भेटावं." त्याने मान फिरवली. "करार व्हावा असं या कॉलेजात सगळ्यात जास्त मला वाटतं. मी कशाला तो मोडू?"

त्याचा राग खरा होता आणि तो रास्तही होता. खोटं बोलणारा माणूस इतका लहान दिसायला तयार होत नाही.

निकिता बोरस्ते आमच्या सांस्कृतिक समितीची. इंग्रजी शिकवते, आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकण्याचं काम तिचं. सकाळच्या सत्काराच्या वेळी ती त्या उपरण्याला हात लावून "काय सुंदर रेशीम आहे" म्हणाली होती, हे मी स्वतः ऐकलं होतं.

"म्हणाले. म्हणून चोरणार का मी?" ती उसळली. "दिवसभर प्लॉटवर होते पाहुण्यांबरोबर. हे बघा फोटो."

तिने फोन पुढे केला. ग्रुपवर द्राक्षाचे फोटो, जेवणाचे फोटो, दाशो कात्री धरून, दाशो घड धरून. आमच्याकडे चहा सांडला तरी फोटो टाकतात. खाली सरकवताना मध्ये एक करडी ओळ दिसली. प्राचार्यांनी काहीतरी टाकून नंतर डिलीट केलेलं.

"हे काय होतं?"

"काय माहीत. सर स्वतः काहीतरी टाकतात अधूनमधून. दुपारी सभागृहात बसले तेव्हा होता तो फोटो, मी उघडला नाही. मग गोंधळ झाला, कार्यक्रम रद्द म्हणून कळवायला मी ग्रुप उघडला तर काढून टाकलेला."

"तेव्हा सर कुठे होते?"

"व्हरांड्यातच की. तुमच्यासमोरच."

राहिला सावळीराम, आमचा जुना शिपाई. तो सतरंज्या गुंडाळत होता. त्याच्याकडे सत्काराचं कपाट असतं. त्या कपाटाबद्दल सांगायला मला लाज वाटते, पण सांगायला हवं. आमच्याकडे पाहुण्याला शाल घालतात. पाहुणा ती विनयाने लगेच काढून खुर्चीवर ठेवतो आणि बऱ्याचदा तिथेच विसरून जातो. सावळीराम ती उचलतो, घडी घालतो आणि कपाटात ठेवतो. पुढच्या पाहुण्याला तीच. नगरसेवकाची शाल कवीला, कवीची कुलगुरूंना. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. फक्त निवृत्त होणाऱ्या माणसाची शाल घरी जाते. ती मागायला अजून तरी कुणी धजावलेलं नाही.

"मी नाय गेलो मॅडम त्या खोलीकडं," सावळीराम म्हणाला. "मी मळ्यावर जेवणं वाढत होतो. न्हाईतर त्या पिस्ता शालीसाठी जाणारच होतो. आज लॅब झाडणाऱ्या फुलाबाईचा निरोप होता ना दुपारी, छोट्या हॉलात. तिच्यासाठी नवी शाल सांगितली होती, ती आलीच नाय दुकानातनं. कपाट बी रिकामं. म्हटलं, पाव्हण्याचीच उचलून द्यावी. पण मला काय जमलं नाय."

"मग निरोपाचं काय झालं?"

"झाला की. चांगला झाला म्हणतेत. मी नव्हतो, पण बायामाणसं सांगत होती, शाल लय भारी दिली म्हणून."

मी तिथेच सतरंजीवर बसले. त्या खोलीत काय असायला नको होतं, ते मला कळलं.

४

आमच्या कॉलेजात पाहुण्याची शाल दुपारपर्यंत खुर्चीवर राहत नाही. आज तर शालीची टंचाई होती, कपाट रिकामं होतं, छोट्या हॉलात माणसं खोळंबली होती. अशा दिवशी पिस्ता शाल जागची हललीसुद्धा नव्हती. म्हणजे शाल न्यायला कुणीतरी आलं होतं आणि शाल घेऊनच गेलं होतं. फक्त ही नव्हे.

राहता राहिलं कुलूप. कुलूप बाहेरच्या दाराला होतं, किल्ली उग्येनच्या खिशात होती. मी उठून प्राचार्यांच्या केबिनकडे गेले.

"लागला का काही पत्ता?" प्राचार्यांनी विचारलं. "बसा, चहा घ्या."

त्यांनी घंटी वाजवली. चहा आला तो त्यांच्या खुर्चीमागच्या दारातून. आत छोटं स्वयंपाकघर आहे, आणि स्वयंपाकघराचं दुसरं दार पाहुण्यांच्या खोलीत उघडतं. पाहुण्यांना चहा तिकडूनच जातो. रोजचंच. मी त्या केबिनमध्ये शेकडो वेळा चहा प्यायले असेन, पण हे दार माझ्या हिशेबात आलंच नव्हतं, कारण सगळे बाहेरच्या किल्लीबद्दल बोलत होते. आणि किल्लीची गोष्ट पहिल्यांदा कुणी काढली होती? समोर बसलेल्या माणसानेच.

"फुलाबाईच्या निरोपाला तुम्ही होतात ना सर?" मी विचारलं.

त्यांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "होतो. दोन मिनिटं. का?"

"काही नाही. मला यायला जमलं नाही म्हणून विचारलं."

"मॅडम, तुम्ही भलतीकडे वेळ घालवू नका. त्या पोराकडून लिहून घ्या, घेतलं म्हणून. मी रागावणार नाही, फक्त परत पाठवू. सगळ्यांचंच सुटेल."

मी चहा तसाच ठेवून उठले. उपरणं कुठे आहे ते मला आता माहीत होतं. पण ते परत आणल्यावरही उग्येन सुटेलच याची मला खात्री वाटेना.

५

फुलाबाई इंदिरानगरच्या मागच्या वस्तीत राहतात. सगळं आयुष्य त्यांनी आमच्या प्रयोगशाळा झाडल्या, काचेची भांडी धुतली. मी गेले तेव्हा दिवे लागले होते आणि त्यांच्या ओट्यावर शेजारच्या बायका जमल्या होत्या. मध्ये फुलाबाई, खांद्यावर ते लाल रेशीम, राजाने दिलेलं. एक म्हातारी त्याच्या दशा बोटांनी चाळवत होती.

"या मॅडम," फुलाबाई हसल्या. "बघा, कशी दिली सरांनी. आजवर कुणाला अशी दिली नसंल."

मी बायका जायची वाट पाहिली, पाणी प्यायले, पेढा खाल्ला. मग सांगितलं.

त्यांनी उपरणं खांद्यावरून काढलं आणि मांडीवर धरून बसल्या.

"म्हंजे ही माझी न्हाई."

"नाही मावशी."

"मग माझी कुठं हाय?"

मला फार वाईट वाटलं. त्यांची शाल कुठेच नव्हती. दुकानातून कुणी आणलीच नव्हती. एवढ्या वर्षांनी या बाईला द्यायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून दुसऱ्याचं उचलून दिलं होतं, आणि आता मी तेही काढून न्यायला आले होते.

"सरांनी कुठून आणली होती, बघितलंत का तुम्ही?"

"मधी गेले आन घेऊन आले की. म्हणाले, कुणीतरी ठिवलीच हाय कपड्याची घडी, बरं झालं. मग फोटू काढला, त्यांच्याच फोनवर. सरांस्नी कळलं नव्हतं?"

"तेव्हा नसेल कळलं. आता कळलंय."

"मग तेच का न्हाई आले?"

मी उग्येनचं सांगितलं. मेलचं, दाखल्याचं, भरून ठेवलेल्या बॅगेचं.

"तो गोरा पोरगा? मला काचा उचलू लागायचा तो?" त्यांनी उपरण्याची घडी घातली, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि माझ्या हातात दिली. "न्या. आईला लवकर कळव म्हणावं त्याला."

६

सकाळी मी घडी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग एकदम खुलला.

"शाब्बास मॅडम. सापडली. चला, विषय संपला."

"कुठे सापडली म्हणून सांगणार सर?"

"सापडली म्हणजे सापडली. कुठे कशाला?"

"कारण उग्येनवर चोरीचा मेल गेलाय. नुसतं सापडली म्हटलं तर लोक म्हणतील, पोराने घाबरून परत आणून ठेवली. तुम्ही आतल्या दाराने खोलीत गेलात. खुर्चीवर पिस्ता शाल होती, ती तुम्हीच सकाळी घातलेली, पाहुण्याची, म्हणून नेली नाहीत. फळीवर लाल घडी दिसली. तुम्हाला वाटलं, निकिताने सह्यांच्या कार्यक्रमासाठी जास्तीची आणून ठेवलीय. सकाळी तीच दाशोंच्या अंगावर होती, पण तुम्ही दाशोंकडे पाहिलंच नव्हतं, तुम्ही कॅमेऱ्यात बघत होतात. इथपर्यंत चूक आहे, कुणाचीही झाली असती."

त्यांनी घडी टेबलावरच जरा बाजूला सरकवली.

"पण दुपारी दाशो म्हणाले, लाल उपरणं गेलं. तेव्हा तुमच्या लक्षात आलं. तुम्ही व्हरांड्यात उभं राहून फुलाबाईचा फोटो ग्रुपवरून काढलात. त्यानंतर केबिनमध्ये जाऊन उग्येनवर मेल लिहिलात. आधी फोटो, मग मेल, सर. मेल लिहिताना तुम्हाला पक्कं माहीत होतं की त्याने काही घेतलेलं नाही."

"मॅडम, माझी जागा बघा ना," ते अगदी हळू म्हणाले. "मानांकनाची समिती येतेय. प्राचार्याने पाहुण्याच्या राजाची वस्तू मोलकरणीच्या अंगावर घातली, असं छापून आलं तर? त्या पोराला काय, दुसरीकडे कुठेही प्रवेश मिळेल. मी मेल टाकतो ना, की आता आमची तक्रार नाही."

आमची तक्रार नाही. या तीन शब्दांनी उग्येन जन्मभर संशयित राहिला असता आणि वर आमचे उपकार मानत बसला असता. मला संताप आला. ही नोकरी, हे समन्वयकपण, सगळं त्यांच्या टेबलावर आपटावंसं वाटलं. पण मी उपरणं उचललं आणि दाशोंना नेऊन दिलं. कुठे मिळालं ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ज्यांनी नेलं ते सांगतील. नाही सांगितलं तर मी सांगेन."

सभागृह पुन्हा भरलं. दाशो खांद्यावर लाल उपरणं घेऊन आले, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. उग्येन मागच्या दाराशी उभा होता, पांढरं उपरणं घेऊन. प्राचार्य माईकवर गेले.

"कालचा थोडा गैरसमज होता, तो दूर झालेला आहे. वस्तू सापडली आहे. आता आपण कराराकडे वळू या."

दाशोंच्या समोर कागद सरकवले गेले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

"कहाँ मिला?" त्यांनी विचारलं.

"इथेच. आवारातच," प्राचार्य हसून म्हणाले.

दाशो वाट बघत राहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, प्राचार्यांकडेच पाहत होते. सभागृहात खुर्च्या करकरायला लागल्या. मी पहिल्या रांगेतून उठले.

"सर, तुम्ही सांगता की मी सांगू?"

माईकशिवायही ते मागेपर्यंत ऐकू गेलं. मंडळाचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाशोंच्या मिटलेल्या पेनाकडे, मग समोरच्या तीनशे पोरांकडे. मला वाटलं, ते अजूनही काहीतरी शोधून काढतील. आमच्या संस्थेत माणसाला सुटायला नेहमी एखादी फट मिळते.

"मी नेलं होतं," ते म्हणाले. "शाल समजून. चुकून. निरोपाच्या कार्यक्रमात दिलं. नंतर माझ्या लक्षात आलं, पण मी बोललो नाही. उग्येन वांगदी या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दाशोंना हे कळावं म्हणून मी हिंदीत सांगणार, तोच मागच्या दाराशी हालचाल झाली. उग्येन मधल्या वाटेने पुढे येत होता. तो व्यासपीठाच्या पायऱ्यांशी थांबला. डोळे लाल झालेले, पण आवाज नीट होता.

"सर," तो म्हणाला, "आता हेच इंग्लिशमध्ये लिहून पाठवा. कालचा मेल इंग्लिशमध्ये होता. माझे बाबा ऑफिसच्या बाहेर बसलेत."

मग त्याने सगळं दाशोंना त्यांच्या भाषेत सांगितलं, तेव्हा दाशोंनी पेन खिशात ठेवलं आणि करार बाजूला सारला. निकिता लॅपटॉप घेऊन वर गेली. प्राचार्य खाली बसले, आणि सगळ्या सभागृहासमोर टाइप करायला लागले.